आधी खरी तारीख बनवा, मग सॉर्ट करा

वाचनालयाच्या देणग्यांची जुनी नोंदवही टाइप करून घेतलेली टेक्स्ट फाइल पायथन या प्रोग्रामिंग भाषेत सॉर्ट केली (क्रमाने लावली), की ०२/०१/२०२४ ची नोंद १५/०८/२०१९ च्या वर येते आणि काही ओळी विनाकारण सगळ्यांत खाली जातात, अशी आपली अडचण आहे. या दोन गोष्टींची कारणे वेगवेगळी आहेत.

पहिली गोष्ट अशी, की पायथनच्या दृष्टीने ही तारीख नसून नुसता मजकूर आहे. मजकुराची तुलना डावीकडून एकेका अक्षराने होते. पहिल्याच जागी शून्य आणि एक समोरासमोर आले, की निकाल लागतो आणि वर्षापर्यंत कोणी पोहोचतच नाही. दुसरे कारण टायपिंगमध्ये दडलेले आहे. आपण दिलेल्या नमुन्यात काही तारखा इंग्रजी अंकांत आणि काही देवनागरी अंकांत आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी अंकांचे क्रमांक इंग्रजी अंकांच्या बरेच नंतर येत असल्यामुळे अशा सगळ्या ओळी आपोआप तळाशी जातात.

तारीख उलटी करून वर्ष, महिना, दिवस असा मजकूर तयार करण्याचा सल्ला आपल्याला मिळेल. पण ५/३/२०२१ सारखी शून्य न लावलेली तारीख आली, की तो क्रम बिघडतो आणि ३१/०९/२०२० ही अस्तित्वातच नसलेली तारीख त्यातून निमूटपणे पुढे जाते. म्हणून प्रत्येक ओळीतून खरी तारीख बनवावी, असे माझे ठाम मत आहे. ओळीत तारखेनंतर उभी रेघ (|) आहे, तिच्यावर ओळ स्प्लिट करून (तोडून) पहिला भाग घ्या, तो तिरक्या रेघेवर तोडा, तिन्ही तुकडे इंट फंक्शनने पूर्णांकात बदला आणि डेटटाइम मॉड्यूलमधल्या डेट या क्लासला वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्या. हे काम एका छोट्या फंक्शनमध्ये ठेवून ते सॉर्टेड या क्रम लावणाऱ्या फंक्शनच्या ‘की’ या पॅरामीटरला द्यावे. इंट फंक्शनला देवनागरी अंक जसेच्या तसे कळतात, ही आपल्यासाठी फार मोलाची सोय आहे. मजकुरावरून तारीख बनवण्यासाठी नेहमी सुचवले जाणारे स्ट्रपीटाइम हे फंक्शन मात्र देवनागरीतल्या दिवस-महिन्यावर अडते.

चुकीची तारीख आली, की डेट क्लास व्हॅल्यू एरर देतो, आणि तो दडपू नये. एरर पकडणाऱ्या ट्राय-एक्सेप्टमध्ये ती ओळ नुसती गाळली, तर कोणाची तरी देणगी हिशेबातून नाहीशी होते. म्हणून अशा ओळी क्रमांकासह वेगळ्या यादीत लिहाव्यात आणि मूळ वहीशी ताडून पाहाव्यात. फक्त पहिलीच ओळ अडत असेल, तर फाइलच्या सुरुवातीला बीओएम हे अदृश्य चिन्ह आहे का ते पाहा. कडेच्या मोकळ्या जागा काढणाऱ्या स्ट्रिपने ते निघत नाही. फाइल उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ असे द्यावे लागते.

तारखेचा साचा स्वतः ओळखणारी लायब्ररी येथे वापरू नये. डेटयूटिल ही अशीच लायब्ररी; दिवस आधी की महिना हे न सांगितल्यास ती ०३/०४/२०२३ ला ४ मार्च समजते आणि लगेच पुढच्या ओळीतल्या १३/०४/२०२३ ला १३ एप्रिल, कारण तेरावा महिना नसतो. एकाच फाइलमध्ये दोन अर्थ लागतात आणि एररही येत नाही. दोन अंकी वर्षांचेही तसेच: स्ट्रपीटाइम ६९ ला १९६९ आणि ६८ ला २०६८ मानते. आपल्या वहीत अशी वर्षे असतील, तर शतक कोणते हे वही पाहून आपणच ठरवावे.

एकाच दिवशीच्या देणग्यांचा आपसातला क्रम सांभाळण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. पायथनचा सॉर्ट स्थिर असल्यामुळे सारख्या तारखांच्या ओळी फाइलमध्ये जशा होत्या तशाच राहतात. नवी नोंद वर हवी असेल, तर सॉर्टेडलाच ‘रिव्हर्स’ ट्रू द्या. सॉर्ट झालेली यादी नंतर उलटी केली, तर एका दिवसातल्या नोंदींचा क्रमही उलटा होईल.