वाचकांचे प्रश्न : खुल्या वेबची काळजी इतरांना कशी वाटावी?

प्रश्न : मी संगणक क्षेत्रात काम करते. वेब मोजक्या कंपन्यांच्या मुठीत जात आहे, असे घरी किंवा मित्रमंडळींत सांगितले की ‘आमचे तर सगळे व्यवस्थित चालले आहे’ असे म्हणून सारे विषय बदलतात. त्यांना हा धोका कसा पटवून द्यावा?

उत्तर : त्यांचे म्हणणे खोटे नाही, हे आधी मान्य करावे. ‘मक्तेदारी’ किंवा ‘विकेंद्रीकरण’ असे शब्द ऐकून कोणाच्याही पोटात गोळा येत नाही. स्वतःचे काही हातातून निसटताना दिसले, तरच येतो. प्रताधिकारभंगाचा ठपका असलेली संकेतस्थळे रोखण्यासाठी अमेरिकेत ‘सोपा’ आणि ‘पिपा’ ही विधेयके आली, तेव्हा सर्वसामान्यांना त्यांची नावेही ठाऊक नव्हती. परंतु १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडिया निषेध म्हणून २४ तास बंद राहिला, लोकप्रतिनिधींचे फोन खणखणू लागले आणि दोनच दिवसांत दोन्ही विधेयके लांबणीवर पडली.

आजची अडचण अशी की धोका विधेयकाच्या रूपाने येत नाही, सोयीच्या रूपाने येतो. म्हणून व्याख्यान देण्यापेक्षा प्रयोग करून दाखवावा. समोरच्या व्यक्तीला रोज वाचायला आवडणारे एखादे समाजमाध्यमावरील पान तिच्याच फोनवर, लॉगिन न करता, ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडायला सांगावे. बहुतेक वेळा थोडे खाली सरकताच ‘आधी लॉगिन करा’ असा पडदा येतो. ज्याने ते लिहिले त्याने तो पडदा लावलेला नसतो, हे तिथल्या तिथे सांगितले की मुद्दा चटकन पोहोचतो.

दुसरे उदाहरण पुस्तकांचे द्यावे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांनी विकत घेतलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, आणि ज्यांनी पुस्तकांत टिपणे केली होती त्यांना वर २५ डॉलर मिळाले. मात्र ती टिपणे ज्या पुस्तकांत होती, ती पुस्तकेच गेली. पुस्तकांवरचे डिजिटल कुलूप कंपनीच्या हाती असले की असे होते. याउलट, ई-मेलचे नियम कोणा एकाच्या मालकीचे नसल्यामुळे कोणत्याही सेवेतून कोणत्याही सेवेला पत्र जाते, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरली आहे की तिचे नवल वाटत नाही.

‘तुमच्यावर पाळत आहे’ ही भीती मात्र शक्यतो दाखवू नये. ती खरी असली तरी लोकांनी इतक्यांदा ऐकली आहे की आता खांदे उडवण्यापलीकडे काही घडत नाही.

प्रश्न : मी एकट्याने ब्राउझर बदलून काय होणार?

उत्तर : फार नाही, पण शून्यही नाही. क्रोम, एज आणि ऑपेरा हे सारे ब्राउझर गूगलच्या क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत. फायरफॉक्सचे इंजिन, म्हणजे संकेतस्थळ वाचून पडद्यावर उभे करणारा गाभा, वेगळे आहे. वाचकाचा ब्राउझर आणि उपकरण ‘विश्वासार्ह’ असल्याचा दाखला संकेतस्थळाला मागता यावा, असा प्रस्ताव गूगलच्या अभियंत्यांनी २०२३ मध्ये मांडला, तेव्हा फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलासह अनेकांनी विरोध केला आणि त्याच वर्षी तो मागे घेण्यात आला. वेगळे इंजिन वापरणारे लोकच उरले नाहीत, तर अशा विरोधाला कोण विचारणार? तरीही ब्राउझरच्या आधी मी आणखी एक काम सुचवेन : आपल्या संस्थेच्या सूचना केवळ समाजमाध्यमावर जात असतील, तर त्या लॉगिनविना उघडणाऱ्या साध्या संकेतस्थळावरही टाकण्याचा आग्रह धरावा.