दादाची मोटार थांबत नाही, मग मीच का थांबू?

जालना जिल्ह्यातल्या एका धाकट्या भावाची ही अडचण. सामाईक विहीर असलेल्या घरांतून असा प्रश्न हमखास येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) विहीर एक, मोटारी दोन, दोन्ही स्टार्टरना ऑटो. रात्री लाइट आली की दोन्ही एकदम सुरू. "म्या ऑटो काढला, तर दादा हीर कोरडी करून मोकळा व्हईल," तो म्हणाला.

पुढच्या बैठकीत दोघांनाही रब्बीचा हिशेब मांडायला सांगितला. दोघांनी पाण्याची पाळी पाळली, तर प्रत्येकाचा तीन एकर हरभरा भिजतो. एकाने मोडली, तर मोडणाऱ्याचा चार एकर आणि पाळणाऱ्याचा काहीच नाही. दोघांनी मोडली, तर रात्रभर पाणी मोकाट वाहतं, विहीर लवकर तळाला जाते आणि एकेक एकरच निघतो. म्हणजे समोरचा कसाही वागो, मोडणाराच एका एकराने पुढे. दोघंही आपापल्या परीनं शहाणपणानंच वागतात आणि मिळून सहाऐवजी दोन एकर भिजवतात. गेम थिअरीत, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या निर्णयांच्या गणितात, याला कैद्यांचा पेच म्हणतात; १९५० साली मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी तो मांडला. त्यामुळे 'दादा स्वार्थी आहे' ही तक्रार आधी बाजूला ठेवावी लागते.

पाळी मात्र पुन्हापुन्हा येते, आणि सुटका तिथेच आहे. रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाच्या, हाच पेच पुन्हापुन्हा खेळवणाऱ्या संगणक-स्पर्धेत अनातोल रापोपोर्ट यांची साधी योजना जिंकली होती: सुरुवात सहकार्याने, पुढे समोरच्यानं केलं तेच. भावांसाठी तिचं रूप असं: दोन्ही ऑटो काढायचे, वही विहिरीवर ठेवायची, ज्याने दोन तास जास्त ओढले त्याचे पुढच्या पाळीतले दोनच तास कापायचे. तीन नाही. मागचं उकरून काढायचं नाही.

हे फसतं ते बहुतेकदा लाइटमुळे. लाइट गेली, पाळी बुडाली, की 'त्यानं मुद्दाम केलं' असं वाटतं. मग बदला, बदल्याचा बदला. म्हणून पाळी घड्याळावर नाही, मोटार प्रत्यक्ष चालली त्या तासांवर मोजायची. शंका असेल तर एकदा सोडून द्यायचं.

दुसरा धोका शेवटच्या पाण्याचा. त्यानंतर पाळीच नसते, म्हणून शब्द तिथेच मोडतो. त्या पाण्याचे जादा तास पुढच्या रब्बीच्या पहिल्या पाळीतून कापायचे, आणि हे आत्ताच, पेरणीआधी वहीत लिहून दोघांनी सह्या करायच्या.