माळ उतरवायच्या आधी सोंगणीचं बघा

तुम्ही लिहिलंय की पंथावरचा विश्वास दोन वर्षांपूर्वीच उडाला, तरी दर पौर्णिमेला मठात जाता आणि त्यापायी स्वतःला भित्रे समजता. भित्रे नाही तुम्ही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात राहतो आणि अशाच एका कडक पंथातून २००९ साली बाहेर पडलो.

देव सोडणं मला जड गेलं नाही. जड गेलं ते थ्रेशर. गावात थ्रेशर एकाचंच, तो पंथातला. सोयाबीन सोंगून गंजी लावलेली, वर ताडपत्री, आभाळ भरलेलं. तो रोज म्हणायचा, 'उद्या येतो.' भांडला नाही, शिवी दिली नाही. नवव्या दिवशी गंजीत हात घातला तर आतून गरम वाफ आली, खालच्या शेंगांना कोंब फुटलेले.

घरात आई माझं ताट चुलीपासून दूर, पडवीत वाढायची. तिला माझा राग नव्हता. धाकटीची सोयरीक मोडेल आणि आपल्या तेरवीला कोणी येणार नाही, ही तिची धास्ती. माणूस धरून ठेवतात ते हेच धागे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. त्रास त्यांनाही झाला, पण गावात परतताना शेजारीही सोबत होता. एकट्यानं बाहेर पडणाऱ्याला तो शेजारी नसतो. म्हणून आधी दोन घरं जोडा, पंथाबाहेरची. शेजारच्या गावातल्या थ्रेशरवाल्याला आगाऊ पैसे देऊन ठेवा. माळ त्यानंतर.

कायदा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलिसांत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. कोणी बैठक बोलावून तुम्हाला वाळीत टाकलं, तर तारीख आणि हजर असलेल्यांची नावं त्याच रात्री लिहून ठेवा. पण नुसतं 'उद्या येतो' म्हणणाऱ्यावर गुन्हा सिद्ध करणं फार कठीण, हे मनाशी धरूनच चाला.

शेत कुणाच्या नावावर आहे आणि घरात कुणाचं लग्न व्हायचंय का, तेवढं कळवा. गावाचं नाव मात्र इथे लिहू नका.