मुरुमांवर अ‍ॅडापलीन की ट्रेटिनॉइन?

प्रश्न : तीन आठवडे रोज रात्री अ‍ॅडापलीन ०.१ टक्के जेल लावते आहे. नाकाशेजारची त्वचा सोलवटली, पुटकुळ्याही वाढल्या. ट्रेटिनॉइन घेऊ का?

उत्तर : इतक्यात नको. ही दोन्ही रेटिनॉइड गटातली, म्हणजे अ जीवनसत्त्वासारखं काम करणारी औषधं; अ‍ॅडापलीन त्यातलं त्यातल्या त्यात सौम्य. त्यानेच त्वचा सोलत असेल तर ट्रेटिनॉइनने आग जास्तच होईल. याच गटातलं टॅझारोटीन तर त्याहून तिखट. सुरुवातीला पुटकुळ्या वाढलेल्या दिसणं नवं नाही. खरा फरक कळायला १२ आठवडे लागतात.

चूक बहुधा प्रमाणात आहे. अख्ख्या चेहऱ्याला मटारच्या दाण्याएवढं जेल पुरतं, आणि ते फक्त पुटकुळीवर टेकवायचं नसतं, कारण औषधाचं काम नवी छिद्रं तुंबू न देणं हे आहे. चार-पाच दिवस थांबा. मग एक रात्र सोडून एक रात्र लावा. चेहरा धुतल्यावर वीस मिनिटं कोरडा होऊ द्या, आधी साधं मॉइश्चरायझर, त्यावर जेल. नाकपुडीची खाच, ओठांचे आणि डोळ्यांचे कोपरे वगळा; जेल तिथेच साचतं. स्क्रब बंद. सकाळी सनस्क्रीन हवंच.

आणखी एक फरक : साधं ट्रेटिनॉइन उजेडाने आणि बेंझॉइल पेरॉक्साइडने (मुरुमांचे जंतू मारणारं औषध) निकामी होतं, अ‍ॅडापलीन टिकतं. म्हणूनच अ‍ॅडापलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड ही जोडी एकाच ट्यूबमध्येही मिळते.

गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर रेटिनॉइड गटातलं काहीच लावू नका. डॉक्टरांना पर्याय विचारा.