वाचकांचे प्रश्न: बाळाच्या अंघोळीची वेळ कुणाची?

या वेळी तीन पत्रं घेतलीयत. तिन्ही कोकणातली आणि तिन्ही घरांत एक तान्हं बाळ आणि शाळेत न जाणारं एक मोठं भावंड. मी ठरवून नाही निवडली, एकाच आठवड्यात लागोपाठ आली म्हणून एकत्र.

प्रश्न १: ताई, आम्ही वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहतो. मोठी मुलगी साडेसहा वर्षांची, तिला शाळेत न घालता घरीच शिकवायचं आम्ही दोघांनी ठरवलं होतं आणि दीड वर्ष ते मस्त चाललं, भिंतीवर टाइमटेबल होतं, सकाळी मराठी, मग गणित, मग चित्र, दुपारी गोष्ट. श्रावणात धाकटा झाला आणि सगळं कोलमडलं. आता तो दोन महिन्यांचा आहे. सकाळी मालीशवाली येते, मग अंघोळ, शेक, धुरी, मग दूध, मग तो झोपतो तेव्हा माझे डोळे मिटायला लागतात. मोठीच्या वहीत गणपतीपासून एक पान भरलेलं नाही. ती दिवसभर मोबाईल मागते नाहीतर पाळण्याभोवती घोटाळते आणि मी ओरडते. परवा विचारते कशी, "आई, बाळाची शाळा कधी सुरू होणार? म्हणजे तू मोकळी होशील." मला रडूच आलं. सासूबाई म्हणतात, "चेडवाक शाळेत घाल गो, एकटी काय काय करतलंस?" त्यांचं बरोबर आहे का? — एक आई

उत्तर: अगं, आधी ते टाइमटेबल भिंतीवरून काढ. आजच. फाडू नको, कपाटात ठेव, पण नजरेसमोर नको, कारण ते तुला रोज नापास करतंय आणि पोरीला नाही, तुलाच करतंय. पहिलीच्या वर्गात तीस-चाळीस पोरं असतात, प्रार्थना, हजेरी, रांग, डबा, भांडणं सोडवणं यात निम्मा दिवस जातो, एकटीला शिकवायला तेवढा वेळ लागतच नाही. साडेसहाच्या पोरीला सध्या अर्धा-पाऊण तास पुरे, तोही सलग नको. बालभारतीची पहिलीची पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट मिळतात ती मोबाईलवर उतरवून ठेव, म्हणजे "काय राहिलं" ही धास्ती वाटली की उघडून बघता येतं. बघितलंस की कळेल, फार काही राहिलेलं नसतं.

आता खरी गोष्ट सांगते. माझी स्वतःची दोन्ही पोरं घरी शिकलीयत, धाकटी झाली तेव्हा मोठा सात वर्षांचा होता आणि मी काय करायचे तर बाळाला पाजता पाजता त्याला वाचून दाखवायचे. दोन महिन्यांचं बाळ दिवसरात्रीत आठ-दहा वेळा तरी पितं, म्हणजे दिवसा चार-पाच वेळा तरी बसावंच लागतं, मग शेजारी पुस्तकांची टोपली ठेवायची नि वाचायचं, छानच आयडिया. तूही कर, चालते ती. पण पंधरा दिवसांनी पोरगं म्हणालं, "तू वाचतेस माझ्यासाठी आणि बघतेस तिच्याकडे." आणि खरंच होतं ते. गोठ्यात जाऊन बसला होता रुसून, वासराशेजारी.

तेव्हा मला जे सुचलं नव्हतं ते तुला सांगते. मालीशवाली येते ना रोज? ती बाळाला पायावर घेते, तेल लावते, अंघोळ घालते, गुंडाळते, धर अर्धा-पाऊण तास. तेवढा वेळ तू काय करतेस? मला माहितीय काय करतेस, न्हाणीच्या दारात उभी राहतेस, पाणी कढत नाही ना, डोळ्यात जात नाही ना. सगळ्या राहतात. चार-आठ दिवस राहा, बाईचा हात बघ, आणि मग तिथे सासूबाईंना उभं कर. त्यांना आवडेल ते आणि त्यांची नजर तुझ्यापेक्षा जास्त तयार आहे. तो अर्धा तास मोठीचा. पाटी-पुस्तक घेतलंत तर घेतलंत, नाहीतर मागीलदारी जा, पडलेल्या सुपाऱ्या मोजा, अळवावर पाणी का थांबत नाही ते बघा, नुसत्या पायरीवर बसा. मोबाईल घरात. बाळ रडलं तरी लगेच उठायचं नाही, त्याची आजी आहे तिथे. पोरीला दिसलं पाहिजे की बाळ रडलं आणि तरी आई माझ्याजवळून उठली नाही. रोज तीच वेळ आली की तिचं ते पाळण्याभोवती घोटाळणं हळूहळू कमी होईल, कारण तिला माहीत असेल की आपली वेळ येणारच आहे.

बाळ हाच काही महिने अभ्यास समज. त्याचं ते माता-बाल कार्ड असतं ना, त्यात वजनाचा आलेख असतो. अंगणवाडीत वजन केलंत की ठिपका पोरीला देऊ दे, आडवी रेघ महिन्याची, उभी किलोची, बोट फिरवत फिरवत ती दोन्ही रेघा जिथे भेटतात तिथे येईल. जन्माचं वजन साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट होतं, तर तेव्हा किती होईल ते आत्ताच लिहून ठेवायला सांग, मग बघू कोण जिंकतं. लशी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या असतात, कॅलेंडरवर आठवडे मोजून गोल करणं हे तिचं काम. डॉक्टरकडे तिनेच सांगायचं, आज कितवा आठवडा.

मदत मात्र एवढीच. दुपटं आण, तेलाची वाटी ठेव, ठीक. पण आपल्याकडे "धर गो जरा" म्हणून सहा वर्षांच्या पोरीच्या मांडीवर बाळ देऊन आई विहिरीवर जाते, ते नको. "आता तू मोठी झालीस" हे वाक्यही थोडे दिवस घरातून हद्दपार कर, मोठी होऊन तिला काय मिळालंय? आई गेली फक्त.

(आणि धुरी बंद कर गं. तू सहज लिहून गेलीस पण तेवढ्याशा फुप्फुसात धूर कशाला? बाळाच्या कानानाकात तेलही नको, आणि सहा महिने फक्त तुझं दूध, मध नाही, घुटी नाही, पाणीसुद्धा नाही. शेक तुला बरा वाटत असेल तर घे, डिंकाचे लाडू तर घेच.)

सासूबाईंचं बरोबर आहे का विचारलंस. "एकटी काय काय करशील" हे बरोबर आहे. त्याला शाळा हा एक उपाय झाला, बाळाची अंघोळ त्यांच्याकडे सोपवणं हा दुसरा. आधी दुसरा करून बघ, दिवाळीपर्यंत. नाही जमलं तर गावातली शाळा कुठे पळून जात नाही, आणि घातलीस शाळेत तर हरलीस असंही नाही.

प्रश्न २: मी दाभोळ खाडीच्या काठची एक आजी. लेक-जावई पुणं सोडून इकडे राहायला आलेत, नातू आठ वर्षांचा, त्याला शाळेत घातलं नाही, नात पाच महिन्यांची. लोक विचारतात पोरगं शाळेत का नाही, मला उत्तर देता येत नाही. हे कायद्यात बसतं का? पुढे दहावीचं काय? आणि दुसरं, मला पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊणचे पाढे) सगळं तोंडपाठ आहे, मी नातवाला शिकवायला गेले तर लेक म्हणते, आई, आता हे कुठे लागतं. लेक बाळात गुंतलेली, नातू मोकळा, मी मोकळी. मग मी करू काय?

उत्तर: आजी, नमस्कार. कायद्याचं आधी उरकते. शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. त्यात मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे आईबापाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय पण नाही घातलं तर त्यांना शिक्षा अशी त्यात नाही, आणि घरी शिकवण्याचं नावही नाही, ना हो ना नाही. त्यामुळे पोलीस येतील वगैरे काढून टाका मनातून. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला गुरुजी-बाई दारात येऊ शकतात, तेव्हा लपवाछपवी नको, चहा द्या आणि नातवाच्या वह्या दाखवा. वह्यांवर तारखा घालत जा म्हणावं लेकीला, ते उपयोगी पडतं. याच कायद्यात असंही आहे की सहाच्या पुढचं मूल शाळेत कधीही आलं तरी त्याच्या वयाला शोभेल त्या वर्गात घ्यायचं, म्हणजे उद्या मन बदललं तर त्याला पहिलीत बसवणार नाहीत. आणि दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, देता येते, तिथे वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. त्याच्या आधी तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षाही आहेत त्यांच्या, द्यायच्या तर द्या. जन्माचा दाखला आणि आधार नीट ठेवा, नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे एकच हवं. लोकांना उत्तर द्यायचं तर "घरी शिकतोय, चौदा पूर्ण झाली की दहावीला बसेल" एवढं म्हणा, तारीख ऐकली की लोक गप्प होतात असा माझा अनुभव आहे.

आता पाऊणकी. आजी, लेकीला म्हणावं, तुझ्या दारातलं पाणी पाऊणकीवर चालतं. तुमच्याकडचे दर्यावर जाणारे जुने दालदी-भंडारी-गाबीत कुणीही विचारा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, तीन वाजता भरती, दुपारी आणि रात्री. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पुनवेला आणि अवसेला पंधरा पाऊण सव्वाअकरा, आणि तेव्हाच उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून एकपासून मोजायचं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. कॅलेंडरवर तिथी असतेच, घड्याळ भिंतीवर असतं, पाढा तुमच्या तोंडात आहे.

पण नुसता पाढा घोकून घेऊ नका, तिथेच तुमचं आणि लेकीचं वाजतं. सकाळी तिथी बघायची, नातवाने वेळ काढायची, वहीत लिहायची, आणि मग कुणीतरी मोठं माणूस बरोबर घेऊन जेटीवर जाऊन बघायचं, पाणी कितव्या पायरीला आलं आणि वर चढायचं कधी थांबलं. बरोबर येणार नाही सांगते. थोडं इकडेतिकडे होईलच. आधी वाटेल पाढा चुकला. मग लक्षात येईल की हिशेब दर्याच्या काठचा आहे आणि तुम्ही खाडीत आत, पाणी आत शिरायला वेळ लागतोच, जितकं आत तितका उशीर. शिवाय भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते आणि पाऊणकी धरते पंचेचाळीस, आणि तिथी कधी लांबते कधी क्षय होते. पंधरा दिवस रोज लिहिलं तर ही चूक त्याची त्याला सापडेल, आणि आठ वर्षांच्या पोराला आजीच्या पाढ्यातली चूक सापडण्यासारखं सुख नाही! सापडू द्या. तुम्ही आधी सांगू नका.

तुम्ही दोघं जेटीवर असाल तेवढा वेळ लेक बाळाला घेऊन झोपेल. ती पाढ्यांबद्दल पुन्हा काही बोलणार नाही बघा.

(वेंगुर्ल्याच्या आईने हे वाचलं असेल तर, तुझी लेक पाऊणकीला लहान आहे, पण कागदाच्या घड्याळावर रोज काटा पाऊण तास पुढे सरकवता येईल तिला. मालीशच्या वेळात.)

प्रश्न ३: मी मुंबईत नोकरीला, बायको-मुलं कुडाळला गावच्या घरी. मुलगा सात वर्षांचा, घरी शिकतो, मुलगी तीन महिन्यांची. महिन्यातून दोनदा येतो. बायको म्हणते होमस्कूलिंगची आयडिया तुझी आणि काम माझं. एवढ्या लांबून मी काय करू शकतो?

उत्तर: दादा, बायको बरोबर बोलतेय, आधी ते तिला सांगा, मग पुढचं वाचा.

रोज रात्री ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटं फोन, मुलाला. व्हिडिओ लावला की तुम्ही पहिलं काय म्हणता, "बाळ कुठाय, बाळ दाखव"? ते शेवटी. आधी त्याचं. त्याच्याकडून एक गोष्ट ऐका किंवा तुम्ही वाचा, कोडं घाला, पाढा म्हणून घ्या, पंधरा मिनिटांत बायकोचं जेवण शांतपणे होतं हा त्यातला मोठा फायदा. आणि येण्याचं रिझर्व्हेशन झालं की गाडीच्या स्टेशनांची यादी आणि वेळा त्याला पाठवा, पनवेल, रोहा, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, त्याने वहीत उतरवायच्या. तुम्ही चिपळूणला फोन करून "पंचवीस मिनिटं लेट" एवढंच सांगायचं, कुडाळला किती वाजता पोचाल ते त्याने काढायचं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं, दोन्ही मिळवून कुठे किती वेळ वाढतो ते काढायला दिलं तर एक आठवडा पुरतं. भूगोल, वेळेचं गणित आणि बाबांची वाट बघणं, सगळं एकदम होतं.

घरी पोचल्यावर झोपाळ्यावर बसून "काय शिकलास, सांग" अशी परीक्षा घेऊ नका. बॅग ठेवा, हात धुवा, बाळाला घ्या आणि बायकोला म्हणा, जा, तुम्ही दोघंच कुठेतरी जाऊन या. ती बहुतेक जाणार नाही, सरळ झोपेल. मग मुलाला घेऊन मागे जा, दोरीवर चार दिवसांचे लंगोट ओले असतील, पाऊस बघून ते पडवीत हलवा. किती आहेत ते तो मोजेल.