टेस्टमध्ये पाय नॉर्मल, मग मॅचच्या शेवटीच का ओढला जातो?

प्रश्न : ताई, मी २८ वर्षांचा आहे, आठवड्यातून दोनदा फुटबॉल खेळतो, विंगला. वर्षभरात उजव्या मांडीचा मागचा स्नायू दोनदा ओढला गेला, दोन्ही वेळा मॅचची शेवटची दहा-बारा मिनिटं राहिली होती आणि मी बॉलमागे सुसाट सुटलो होतो. दुसऱ्या वेळी बरं वाटल्यावर मशीनवर बसवून ताकद मोजली, मागच्या-पुढच्या स्नायूंचा रेशो ०.६३ आला. "एकदम नॉर्मल, खेळा" म्हणाले. जिमला लेग डे कधी चुकवत नाही. मग चुकतंय कुठे?

उत्तर : मशीन खोटं बोललेलं नाहीये हो, पण ते बोललं तुम्ही ताजेतवाने असताना आणि पाय ओढला गेला तो ऐंशीव्या मिनिटाला, म्हणजे मोजलेला पाय वेगळा आणि दुखावलेला वेगळा असंच धरून चाला.

०.६ चा आकडा येतो कुठून तर त्या खुर्चीत बसवून गुडघा ठराविक स्पीडने, बहुतेक वेळा सेकंदाला ६० अंश अशा सावकाश स्पीडने सरळ करायला आणि वाकवायला लावतात. पुढचे क्वाड्स चार आणि दांडगे, मागचे हॅमस्ट्रिंग त्यामानाने बारीक, त्यामुळे मागची ताकद पुढच्याच्या साधारण ६० टक्के भरली की ठीक म्हणतात. पण यात मागचा स्नायू आखडत खेचतो. स्प्रिंटमध्ये नेमकं उलटं होतं. पाय पुढे भिरकावला जातो, गुडघा सरळ होत जातो आणि पाऊल जमिनीला लागायच्या जरासं आधी त्या भिरकावलेल्या पायाला ब्रेक लावायचं काम हॅमस्ट्रिंगवर येतं, आणि तेही लांब होत होत. भरलेली बादली दोरीने हळूहळू खाली सोडून बघा, हात लांबत असतो आणि तरी स्नायू जीव खाऊन धरून असतो, तसं. बहुतेक हॅमस्ट्रिंग याच क्षणी जातात, आणि त्यातही बाहेरच्या बाजूचा बायसेप्स फेमोरिस जास्त. म्हणून मागच्याची ब्रेकची ताकद आणि पुढच्याची ढकलायची ताकद असा दुसरा रेशो काढतात, तो मोठ्या स्पीडला १ च्या आसपास असावा अशी अपेक्षा असते. रिपोर्टमध्ये तो आहे का बघा. बहुतेक नसेलच.

आता थकव्याचं. मॅचसारखं ९० मिनिटं पळवून मधेमधे मोजलं तर पुढच्या स्नायूची ताकद त्यामानाने टिकते आणि मागच्याची ही ब्रेकची ताकद बऱ्यापैकी घसरते. गंमत म्हणजे हाफटाइमला बसून आल्यावर ती भरून येत नाही, उलट कमीच सापडते. म्हणजे इंजिन जवळपास तेवढंच आणि ब्रेक घासलेला, आणि तुम्ही त्याच वेळी सुसाट सुटता. हॅमस्ट्रिंगच्या दुखापती दोन्ही हाफच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत जास्त दिसतात त्यामागे हे एक मोठं कारण धरतात. गुडघ्यालाही त्याचा त्रास, कारण नडगी पुढे सरकू नये म्हणून एसीएलला, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या मुख्य लिगामेंटला, मदत करणारा स्नायू हाच.

तुमच्या लेग डेबद्दल मला जरा शंका आहे, रागावू नका. स्क्वॉट, लेग प्रेस, एक्स्टेंशन, आणि शेवटी जीव गेल्यावर लेग कर्लचे दोन सेट, असंच ना? आणि कर्लमध्ये वजन वर ओढता आणि खाली येताना धपकन सोडून देता. अहो, तो खाली यायचा भागच तर तुम्हाला हवाय! तीन-चार सेकंद घेऊन सोडा.

त्याच्या जोडीला नॉर्डिक नावाचा व्यायाम. गुडघ्यांवर बसा, कोणीतरी घोटे घट्ट धरू दे, कंबर न वाकवता पुढे हळूहळू पडत जा, जिथे सुटेल तिथे हात टेका. सुरुवातीला अर्ध्यातच धपकन जाल, सगळेच जातात. हे नियमित करणाऱ्या टीम्समध्ये हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं दिसलंय. ८ आठवडे, आठवड्यातून २ वेळा नॉर्डिक करून घेतलेल्या एका प्रयोगात तर ती प्रॅक्टिसच्या शेवटी केलेल्यांची थकल्यावरची ताकद जास्त टिकली, म्हणजे तुमच्या केसला फिट. पण मॅचच्या आदल्या दिवशी नको, दोन सेटने सुरू करा नाहीतर दोन दिवस जिना उतरताना आठवण येईल. अजून चमक येत असेल तर आधी फिजिओला दाखवा.

आणि रेशोला फार डोक्यावर घेऊ नका. काही अभ्यासांत त्याचा दुखापतीशी संबंध सापडला, नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो अगदी कमकुवत निघाला. सगळ्यात मोठी रिस्क आधी झालेली दुखापत, ती तुम्हाला दोनदा झालीये. घरी एवढं करा, पाठीवर झोपून एक टाच खुर्चीवर, दुसरा पाय वर, कंबर उचला आणि किती वेळा जमतं ते मोजा. डाव्या-उजव्याचं वेगळं मोजा, एकदा आराम झालेला असताना आणि एकदा जोरदार प्रॅक्टिसनंतर. उजवा दुसऱ्या वेळी एकदम गळला तर उत्तर तुमच्यासमोरच आहे.

प्रश्न : मी लांब पळते. डोंगरउतारावरून १८ किमी पळाल्याच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट केली तर रेशो ०.५८ वरून ०.७० झाला! म्हणजे उतारावर पळणं मांडीला चांगलं का?

उत्तर : भागाकार बघा. उतारावर दर पावलाला शरीर सावरायचं काम क्वाड्स करतात, तेही लांबत लांबत, त्यामुळे मार त्यांनाच बसलाय. खालचा, म्हणजे क्वाड्सचा आकडा घटला म्हणून रेशो फुगला, मागचा स्नायू आहे तिथेच आहे. दुखणं १ ते ३ दिवसांत वाढून उतरतं पण ताकद परत यायला त्याहून वेळ लागू शकतो. आठवडाभराने परत मोजा आणि या वेळी दोन्ही स्नायूंचे आकडे वेगवेगळे मागून घ्या.