वाचक विचारतात : दोनशे मजली नगरीतली ये-जा

प्रश्न : मी विज्ञानकथा लिहितो आहे. 800 मीटर उंच, 200 मजली मनोऱ्यात 20 हजार माणसं राहतात. शाळा, बाजार सगळं आतच. तळापासून माथ्यापर्यंत जाणाऱ्या वेगवान लिफ्ट आणि सामान टाकायला एक मोठी नळी दाखवली तर पटेल का?

उत्तर : नाही. लिफ्टचा पोलादी दोर 500 मीटरच्या आसपास गेला की त्याची बरीचशी ताकद स्वतःचं वजन पेलण्यातच जाते. कार्बन तंतूंच्या पट्ट्यांनी त्याहून उंच जाता येतं, पण त्यानं जागेचा प्रश्न सुटत नाही. तळापासून निघालेला प्रत्येक शाफ्ट, म्हणजे लिफ्ट धावते ती उभी पोकळी, सगळ्या मजल्यांतली जागा खातो.

म्हणून 50, 100 आणि 150व्या मजल्यांवर बदलीचे थांबे ठेवा. न्यूयॉर्कच्या जुन्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये असे थांबे 44 आणि 78व्या मजल्यांवर होते. तळापासून थांब्यापर्यंत थेट लिफ्ट, पुढे त्या 50 मजल्यांपुरती लोकल लिफ्ट. लोकल लिफ्टचे शाफ्ट एकावर एक बसतात आणि जागा वाचते.

आता आकडा काढू. सकाळच्या गर्दीत 5 मिनिटांत 6 टक्के लोक निघतात असं धरलं तर 1,200 माणसं. दर 50 मजल्यांमागे 300. सेकंदाला 10 मीटर वेगाची लिफ्ट 200 मीटर जायला 30 सेकंद घेते, कारण वेग धरण्यात 10 आणि सोडण्यात 10 सेकंद जातात. दारं, चढ-उतार मिळून एक फेरी 2 मिनिटांची. दुमजली लिफ्टमध्ये 48 जणांची जागा असली तरी 38च चढतात. म्हणजे 5 मिनिटांत 95 माणसं. पहिल्या थांब्यासाठी 4 लिफ्ट लागतील, वरच्यांसाठी जास्त. वेग वाढवून फारसं साधत नाही, वेळ दारात जातो. त्यापेक्षा दर 50 मजल्यांत एक शाळा द्या, गर्दी आपोआप घटेल. उतरताना वेग आवरतात तो कानांसाठी : तैवानच्या तैपेई 101 मनोऱ्यात वर जाताना सेकंदाला 16.8 मीटर, खाली येताना 10.

नळी मात्र काढून टाका. दूध, भाजी, गॅस सिलिंडर, कपाट, स्ट्रेचर आणि प्रेतही सर्व्हिस लिफ्टनं जातं. ती सेकंदाला अडीच मीटरची असेल तर माथा गाठायला साडेपाच मिनिटं, न थांबता. त्यामुळे माल रात्री तळघरात उतरवून चाकांच्या जाळीपिंजऱ्यांत मजल्यांच्या क्रमानं भरतात, शेवटी उतरायचा तो आधी. पिंजरा लिफ्टच्या दारातून जातो का, हे आधी मोजा. बहुतेक घोटाळे तिथेच होतात. डबेवाल्यांच्या डब्यावरच्या खुणेत इमारत आणि मजला असतो, तशी खूण प्रत्येक पिंजऱ्यावर हवी.

पाणी लिफ्टनं नाही, पंपानं चढतं. दर 10 मीटरला साधारण 1 बार दाब; 800 मीटरचा सलग नळ ठेवला तर तळाशी 80 बार. म्हणून दर 50 मजल्यांवर टाकी, आणि घरातल्या नळापाशी दाब 3-4 बारवर आणणारे व्हॉल्व्ह.

कथेत संकट हवं असेल तर वादळ घ्या. मनोरा डुलतो, लांब दोर त्याच लयीत झुलून शाफ्टच्या भिंतीवर आपटू लागतात, आणि थेट लिफ्टचा वेग उतरवावा लागतो किंवा त्या बंदच ठेवाव्या लागतात. अशा वेळी 150व्या मजल्यावरचा थांबा तासाभरात तुंबतो.